कॅरेक्टर बांधताना कोणते ऐच्छिक नियम घ्यायचे? नागपूरच्या टेबलांसाठी सविस्तर मार्गदर्शक

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाचं नवं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी कथा) सुरू करतोय, असं डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) ग्रुपवर टाकलं की अर्ध्या तासात प्रश्न सुरू होतात. फीट (कॅरेक्टरची खास कसबं) चालतील का? मल्टिक्लास (एका कॅरेक्टरला एकाहून जास्त क्लास, म्हणजे पेशे) चालेल का? स्टॅट (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) रोल करायचे, म्हणजे फासे टाकून काढायचे, की पॉइंट बाय, म्हणजे ठरलेल्या पॉइंटांत विकत घ्यायचे? डीएम ऑफिसातून थकून आलेला असतो, जसा वेळ मिळेल तसं एकेकाला उत्तर देतो. मग पहिल्या रविवारी चौघे जण चार वेगळ्या नियमांनी बांधलेली कॅरेक्टर घेऊन बसतात. एकाचा फायटर पहिल्याच लढाईत सगळं संपवतो आणि बाकीचे मोबाइल काढतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्समधले ऐच्छिक नियम ही एकेका खेळाडूला द्यायची सवलत नाही. तो अख्ख्या टेबलाचा, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटाचा, निर्णय असतो, आणि तो एका क्रमाने घ्यावा लागतो, कारण आधी ठरलेला नियम पुढच्या नियमाची किंमत बदलतो. स्टॅट कसे काढले यावर फीट किती भारी पडेल ते ठरतं. फीट आहेत की नाहीत यावर मल्टिक्लासचा मोह किती होईल ते ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

पहिली पायरी: आवृत्ती ठरवा आणि तिलाच धरून राहा

पाचव्या आवृत्तीचं प्लेअर्स हँडबुक २०१४ चं आहे आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२४ ची. कॅरेक्टर बांधण्याच्या बाबतीत दोन्हींत मोठा फरक आहे. २०१४ मध्ये फीट आणि मल्टिक्लास हे दोन्ही स्पष्टपणे ऐच्छिक आहेत, डीएमने हो म्हटलं तरच. २०२४ मध्ये फीट मूळ नियमांतच आले: बॅकग्राउंडसोबत (कॅरेक्टरचा पूर्वेतिहास) एक फीट पहिल्या लेव्हललाच मिळतं, स्टॅटची वाढही वंशाऐवजी (माणूस, एल्फ वगैरे) बॅकग्राउंडवरून येते, आणि सगळ्या क्लासची सबक्लास (उपशाखा) तिसऱ्या लेव्हलला सुरू होते.

नावं तीच असली तरी आतला मजकूर बदललेला आहे. ग्रेट वेपन मास्टर हे फीट २०१४ मध्ये नेमावर (वार लागतो का ते ठरवणाऱ्या रोलवर) उणे ५ घेऊन डॅमेजवर (होणाऱ्या इजेवर) अधिक १० देतं. २०२४ मध्ये तो सौदाच काढून टाकलाय. एका खेळाडूने जुनं पुस्तक वाचलं आणि दुसऱ्याने नवं, तर दोघेही प्रामाणिक असूनही शीट (कॅरेक्टरची नोंद) जुळणार नाहीत. या लेखात मी २०१४ चे नियम धरलेत, कारण ऐच्छिक नियमांची निवड तिथेच खरी करावी लागते.

दुसरी पायरी: आपलं टेबल किती चालणार ते मान्य करा

हे नियमांच्या पुस्तकात नसतं, पण यावरच बरंच काही ठरतं. नागपुरात एप्रिल-मे मध्ये दुपारच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात महालातून मनीषनगरला कोणी येत नाही. एकाची मिहानमध्ये शिफ्ट असते, एकाची परीक्षा असते, एक जण नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो आणि कॉलवरून खेळतो. डिसेंबरात अधिवेशन भरलं की सदर आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी अडतील सांगता येत नाही. त्यामुळे दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर संपवायचं, हा इथला व्यवहार्य हिशोब आहे.

असं कॅम्पेन चौथ्या-पाचव्या लेव्हलपर्यंत पोचतं. मग आठव्या लेव्हलला फुलणारं मल्टिक्लास बांधणाऱ्याला आधीच सांगा की ते फूल या हंगामात दिसणार नाही. टेबलावर निम्मे नवे असतील तर फीटची अख्खी यादी त्यांच्यापुढे ठेवू नका. कोणताही ऐच्छिक नियम घेण्याआधी विचारा: याने आपल्या टेबलाची कोणती अडचण सुटते? उत्तर देता आलं नाही तर तो नियम या वेळी बाजूला ठेवा.

तिसरी पायरी: स्टॅट काढायची पद्धत

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पर्याय तीन आहेत.

रोल: सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडून उरलेल्या तिघांची बेरीज, असं सहा वेळा. ही पद्धत १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये दिलेली आहे. १९७४ च्या मूळ खेळात तीनच फासे होते. चार फाशांची सरासरी साधारण १२.२४ येते. थेट १८ पडण्याची शक्यता एका रोलला १.६ टक्के, म्हणजे सहा रोलमध्ये निदान एक १८ येण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्या आसपास. पाच जणांच्या टेबलावर कुणाला तरी तो मिळणं अजिबात दुर्मीळ नाही. आणि त्याच टेबलावर कुणाचा तरी सर्वांत मोठा आकडा १३ असतो. त्या खेळाडूला पुढचे चार महिने तेच घेऊन बसायचं असतं.

ठरावीक आकडे: १५, १४, १३, १२, १०, ८. बेरीज ७२. नव्या खेळाडूंसाठी मला हीच पद्धत सर्वांत आवडते, कारण पाच मिनिटांत काम होतं.

पॉइंट बाय: २७ पॉइंट मिळतात, प्रत्येक स्टॅट ८ पासून सुरू होतो आणि १५ च्या वर नेता येत नाही. ९ ला १, १० ला २, ११ ला ३, १२ ला ४, १३ ला ५, १४ ला ७ आणि १५ ला ९ पॉइंट लागतात. १३ नंतर भाव चढतो. सगळा खेळ त्या चढावात आहे. वरचे ठरावीक आकडेही मोजून बघा, ते बरोबर २७ पॉइंटांचेच आहेत.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. आपलं कॅरेक्टर सोमा, जंगलातला वाटाड्या, क्लास रेंजर. व्हेरिअंट ह्यूमन (मानव वंशाचा पर्यायी प्रकार) घेतलाय, म्हणजे दोन वेगवेगळ्या स्टॅटला अधिक १, एक स्किल आणि एक फीट. (हा व्हेरिअंट स्वतःच ऐच्छिक आहे आणि फीट चालत असतील तरच त्याला अर्थ आहे.) बहुतेक जण पहिल्या झटक्यात असं लिहितात: स्ट्रेंथ ८, डेक्स्टेरिटी (चपळाई) १५, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, इंटेलिजन्स १०, विझडम १४, करिश्मा १०. २७ पॉइंट झाले. आता अधिक १ डेक्स्टेरिटीला दिला, १६ झाला, उत्तम. दुसरा विझडमला दिला तर १५ होतो, आणि १५ चा मॉडिफायर (रोलमध्ये मिळवायचा आकडा) १४ सारखाच अधिक २. तो अधिक १ आज तरी वाया गेला.

त्याऐवजी करिश्मा ८ वर ठेवा, ते २ पॉइंट विझडमला देऊन तो १५ करा. पुन्हा २७. आता दोन्ही अधिक १ लावले की डेक्स्टेरिटी १६, विझडम १६, कॉन्स्टिट्यूशन १४. मॉडिफायर दोन जागी अधिक ३. वंशाची वाढ आधी ठरवा, पॉइंट नंतर वाटा, आणि शेवटी आकडे सम येतात का बघा. विषम आकडा फक्त एकाच कारणासाठी ठेवावा: चौथ्या लेव्हलला अधिक १ देणारं फीट घ्यायचं पक्कं असेल तर.

रोल करण्याची मजा सोडवत नसेल, तर मी सुचवतो ती तडजोड अशी: प्रत्येकाने सगळ्यांसमोर एकेक संच टाकायचा, सगळे संच वहीत लिहायचे, आणि कोणीही कोणताही संच वापरायचा. फाशांचा थरार राहतो, आणि कोणी मागे पडत नाही. घरी एकट्याने टाकलेले रोल मात्र स्वीकारू नका. यात कुणावर अविश्वास नाही; तो क्षण सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा असतो.

चौथी पायरी: वंश, बॅकग्राउंड आणि आपली माती

२०२० मध्ये आलेल्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंगमधला एक ऐच्छिक नियम वंशाची स्टॅट-वाढ हव्या त्या स्टॅटला लावू देतो. हा बिनधास्त घ्या. त्याने कोणी फार ताकदवान होत नाही, फक्त मनातलं कॅरेक्टर बांधता येतं. त्याच पुस्तकातलं कस्टम लिनिएज (स्वतः बनवलेला वंश) मात्र नीट वाचून मगच द्या. एका स्टॅटला थेट अधिक २ आणि सोबत फीट, म्हणजे पॉइंट बायचे १५ लगेच १७, आणि अधिक १ वालं फीट घेतलं तर पहिल्या लेव्हललाच १८.

बॅकग्राउंडबद्दल बऱ्याच जणांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. स्वतःचं बॅकग्राउंड बनवायची मुभा २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकातच आहे: कोणतीही दोन स्किल, आणि साधनं व भाषा मिळून दोन. नागपूरच्या टेबलाने ही संधी सोडू नये. सोमासाठी सर्व्हायवल आणि स्टेल्थ ही स्किल, औषधी वनस्पतींचं किट हे साधन, आणि भाषा म्हणून गोंडी घ्या. दुसऱ्या कुणाचं घराणं मारबत (मिरवणुकीतला मोठा पुतळा) बांधणारं असू दे: परफॉर्मन्स आणि रिलिजन, सुताराची व रंगाऱ्याची साधनं. तान्ह्या पोळ्याला इडापिडा घेऊन जाणारी मिरवणूक ज्याने लहानपणापासून पाहिली आहे, त्याला असं कॅरेक्टर बोलतं करायला वेगळी तयारी लागत नाही. समोरच्यांनाही पाठांतर न करता ते कळतं. या एका नियमाने टेबलावर जेवढा जिवंतपणा येतो, तेवढा दहा फीटनी येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

टाशातली क्लासची ऐच्छिक वैशिष्ट्यंही इथेच ठरवून टाका. रेंजरला तर ती द्याच. जुनं फेव्हर्ड एनिमी तुम्ही निवडलेला शत्रू कॅम्पेनमध्ये आला तरच उपयोगी पडतं. त्याच्या जागी फेव्हर्ड फो घेतलं तर कोणावरही चालतं. फक्त त्यालाही कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच गोष्टीवर धरता येणारं लक्ष) लागतं, त्यामुळे हंटर्स मार्क या रेंजरच्या स्पेलसोबत (मंत्रासोबत) एकाच वेळी चालत नाही. हे खेळाडूला आधीच दाखवा.

पाचवी पायरी: फीट

बहुतेक क्लासना ४, ८, १२, १६ आणि १९ या लेव्हलला स्टॅट वाढवायची संधी मिळते: एकाला अधिक २, किंवा दोघांना अधिक १. फीट चालत असेल तर त्या संधीच्या बदल्यात फीट घेता येतं. फायटरला ६ आणि १४ ला, रोगला १० ला जास्तीची संधी आहे, म्हणून फीटचा फायदा त्यांना आपोआप अधिक होतो.

फीट द्यायचे का यावर माझं उत्तर हो आहे. लढणाऱ्या क्लासना लेव्हल चढताना निवडीच्या जागा थोड्या मिळतात, आणि फीट ती उणीव भरतं. पण दोन फीट आधी हिशोब करून मगच द्या: ग्रेट वेपन मास्टर आणि शार्पशूटर (तोच उणे ५, अधिक १० चा सौदा, पण धनुष्यासारख्या शस्त्रांसाठी).

सोमाचा हिशोब मांडू. दुसरी लेव्हल, लाँगबो (मोठं धनुष्य), आर्चरी स्टाइल (नेमबाजीचं कसब). नेमाला डेक्स्टेरिटीचे ३, प्रोफिशिअन्सीचे (लेव्हलनुसार वाढणारा सरावाचा बोनस) २, आर्चरीचे २, एकूण अधिक ७. डॅमेज सरासरी साडेसात. समोर ओगर (दांडगा राक्षस) आहे, आर्मर क्लास (वार लागायला रोलने गाठायचा आकडा) ११, हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) ५९. साधा बाण ८५ टक्के लागतो, म्हणजे सरासरी ६.४ डॅमेज. शार्पशूटरचा उणे ५ घेतला तर ६० टक्के लागतो, पण डॅमेज साडेसतरा, सरासरी १०.५. फरक प्रचंड आहे.

आता समोर गॉब्लिन (लहानसा राक्षस) ठेवा: आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७. सरासरी बघितली तर साधा बाण ४.९ आणि शार्पशूटरचा ७. पण गॉब्लिनला मारायला सातच लागतात, वरचं सगळं वाया जातं. एका बाणात तो पडण्याची शक्यता मोजली, तर क्रिटिकल (वर्मी बसणारा वार) सोडून दोन्हीकडे ती चाळीस टक्क्यांच्या आसपासच येते. म्हणजे या फीटची ताकद डीएम समोर काय ठेवतो यावरही अवलंबून आहे. प्रत्येक लढाईत एकच दांडगा राक्षस ठेवायची सवय असेल तर शार्पशूटर तुमचं टेबल खाऊन टाकेल. लहान शत्रूंची टोळी आणत असाल तर तो काबूत राहतो. फीट बंद करायच्या आधी स्वतःच्या लढाया तपासा.

नव्यांसाठी चारपाचच फीटची यादी काढून द्या. अलर्ट, टफ, हीलर, रेझिलिअंट, लकी. ही समजायला सोपी आहेत आणि टेबलावर लगेच दिसतात. यादी वाढवायची मागणी पुढे आपोआप येते.

सहावी पायरी: मल्टिक्लास

अट अशी: सध्याच्या आणि नव्या, दोन्ही क्लासच्या मुख्य स्टॅटमध्ये निदान १३ हवेत. फायटरला स्ट्रेंथ किंवा डेक्स्टेरिटी, विझर्डला इंटेलिजन्स, पॅलाडिनला स्ट्रेंथ आणि करिश्मा दोन्ही, रेंजर व मंकला डेक्स्टेरिटी आणि विझडम. इथे तिसरी पायरी पुन्हा पुढे येते: पॉइंट बायमध्ये हे १३ विकत घ्यावे लागतात आणि दुसरीकडे कमी पडतं, रोलमध्ये ते फुकट मिळू शकतात. रोल आणि मल्टिक्लास दोन्ही मोकळे ठेवणाऱ्या डीएमने हे लक्षात घेऊनच हो म्हणावं.

काय एकत्र होतं आणि काय नाही, हे शीटवर लिहून ठेवा. प्रोफिशिअन्सी बोनस एकूण लेव्हलवर चालतो. कँट्रिपची (कितीही वेळा टाकता येणाऱ्या साध्या स्पेलची) ताकदही एकूण लेव्हलवरच वाढते. स्पेल स्लॉट (स्पेल टाकायची शिल्लक) दोन्ही कास्टर, म्हणजे स्पेल टाकणाऱ्या, क्लासच्या लेव्हल मिळवून एका तक्त्यावरून काढतात, त्यात पॅलाडिन आणि रेंजरची लेव्हल निम्मी धरतात; वॉरलॉकचे स्लॉट मात्र वेगळेच राहतात. दोन क्लासकडून एक्स्ट्रा अटॅक (जास्तीचा वार) मिळाला म्हणून तीन वार होत नाहीत. पहिल्या लेव्हलचे पूर्ण हिट पॉइंट एकदाच मिळतात, सेव्हिंग थ्रो (धोका टाळायच्या रोलमधलं कसब) फक्त पहिल्या क्लासचे.

त्यामुळे क्रमालाही महत्त्व आहे. फायटरने सुरू करून विझर्ड झालात तर जड चिलखत आणि कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह हातात राहतो, आणि ते चिलखत घालून विझर्डचे स्पेलही टाकता येतात. विझर्डने सुरू करून फायटर झालात तर जड चिलखत मिळत नाही, कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हही नाही.

खरी किंमत पाचव्या लेव्हलला कळते. शुद्ध फायटरला तेव्हा दुसरा वार मिळतो, शुद्ध विझर्डला तिसऱ्या दर्जाचे स्पेल, म्हणजे फायरबॉल. तीन लेव्हल फायटर आणि दोन विझर्ड अशा कॅरेक्टरकडे दोन्ही नसतं. पहिल्या दर्जाचे तीन स्लॉट आणि एक वार. शेजारी बसलेला विझर्ड खोली जाळत असताना हे जड जातं. मार्चला संपणाऱ्या कॅम्पेनमध्ये माझा सल्ला साधा आहे: पाचव्या लेव्हलपर्यंत एकच क्लास, त्यानंतर हवं ते करा.

अपवाद असतातच. मध्यंतरी एकाने विचारलं, “दादा, पॅलाडिनमध्ये एक लेव्हल हेक्सब्लेडची घेऊ देता का?” मी विचारलं, “काऊन रे?” तर तो खरं बोलला: “करिश्म्यावर तलवार चालते, अन् वॉरलॉकचा स्लॉट स्माइटला वापरता येते. शॉर्ट रेस्टनं परतही येते.” (हेक्सब्लेड ही वॉरलॉकची, म्हणजे करार करून जादू मिळवणाऱ्या क्लासची, सबक्लास; स्माइट म्हणजे पॅलाडिनचा स्लॉट खर्चून केलेला जोरदार वार; शॉर्ट रेस्ट म्हणजे छोटी विश्रांती.) हे कारण लपवण्यासारखं नाही. मी त्याला दोन गोष्टी विचारल्या: ज्या देवाची शपथ घेतली तो या कराराकडे कसा बघेल, आणि बाकीच्या तिघांना हे चालेल का. पहिल्याचं उत्तर त्याने कॅम्पेनमधल्या एका शापित तलवारीशी जोडलं, दुसऱ्याचं टेबलाने दिलं. एवढं झालं की परवानगी द्यायला हरकत नसते. दोन पानांची कथा मागून खेळाडूला दमवू नका.

सातवी पायरी: लहान नियम, जे मोठ्यांना सांभाळतात

वजनाचा ऐच्छिक नियम बहुतेक जण वाचतही नाहीत. स्ट्रेंथच्या पाचपटीपेक्षा जास्त पाउंड वजन उचललं की वेग १० फुटांनी कमी, दहापटीपेक्षा जास्त झालं की २० फुटांनी, शिवाय कित्येक रोल दोनदा टाकून लहान आकडा धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज. सोमाची स्ट्रेंथ ८, म्हणजे मर्यादा ४० पाउंड, साधारण १८ किलो. एक्सप्लोरर्स पॅकचंच (प्रवासाच्या सामानाचं) वजन ५९ पाउंड भरतं, जवळपास २७ किलो. म्हणजे सोमा घरातून निघतानाच मंद झालेला असतो. पॉइंट बाय घेतलं की जवळपास सगळे जण स्ट्रेंथ ८ वर टाकतात आणि त्याची झळ कुणालाच बसत नाही. हा नियम ती झळ परत आणतो. जंगलातून प्रवास करायचं कॅम्पेन असेल तर घ्या, शहरातल्या राजकारणाचं असेल तर सोडा.

दरबारी कॅम्पेन असेल, भोसल्यांच्या काळासारखं मानापमानाचं, तर डंजन मास्टर्स गाइडमधला ऑनर (मान) हा सातवा स्टॅट बघा. ठरावीक आकड्यांत त्यासाठी एक ११ वाढवतात, पॉइंट बायमध्ये ३ पॉइंट. भयकथेसाठी तसाच सॅनिटी (मनाचा तोल) आहे. दोन्ही एकदम घेऊ नका.

हिट पॉइंट रोल न करता ठरलेली सरासरी घ्या. यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

आठवी पायरी: एक पान लिहा

सेशन झिरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीला) सगळे बसलेत, समोर तर्री पोहे आहेत, तेव्हाच हे पान लिहून टाका. त्यात आवृत्ती, स्टॅटची पद्धत, कोणती पुस्तकं चालतील, फीट कोणते, मल्टिक्लास कोणत्या लेव्हलपासून, वजन मोजायचं की नाही, हे सगळं असू द्या. नाकारलेले नियमही लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी तेच प्रश्न परत येतात. फोटो काढून ग्रुपवर पिन करा, म्हणजे पुण्यावरून खेळणाऱ्यालाही तेच पान दिसेल.

पुस्तकं सगळ्यांकडे नसतात, आणि ती महागही आहेत. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे. क्लास आणि मल्टिक्लासचे नियम त्यात आहेत, पण फीट एकच आहे, ग्रॅपलर. म्हणून फीट घ्यायचं ठरलं तर ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याने निवडलेली चारपाच फीट स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवून टेबलावर ठेवावीत.

त्याच पानावर शेवटी एक तारीख टाका: सगळे चौथ्या लेव्हलला पोचले की त्या सेशनच्या सुरुवातीला अर्धा तास नियमांसाठी. कुणाला कॅरेक्टर जमत नसेल तर त्या दिवशी ते नव्याने बांधायची पूर्ण मुभा, दंड न लावता, मिळवलेल्या वस्तू आणि कथा तशीच ठेवून. एखादा नियम काढायचा असेल तर तोही त्याच अर्ध्या तासात, सगळ्यांच्या संमतीने. मधल्या सेशनला, लढाई सुरू असताना कधीच नाही.